पहारा बदलायला कोणी आलं नाही

शेठनं पाय पुढे केला. बूट काढला नाही, नुसता पाय पुढे केला.

"ए माउली, काढ रं. कंबर धरलीय."

मी काढला. लेस सोडली, टाच धरली, ओढला. मग दुसरा. मोजा घसरला होता, तोही नीट वर केला. ते मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं, ती माझी स्वतःची अक्कल. आणि हे सगळं करताना तोंडानं नाम चालूच. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. शेठ बाजूच्या माणसाला म्हणाले, "ह्यांच्या हाताला सवय हाय. बाप यष्टी स्टँडवर हेच करायचा."

बाजूचा हसला. मीही हसलो.

"मीही हसलो" हे दोन शब्द मी आधी खोडले होते. मग परत लिहिले. हसलो तर हसलो.

ही गेल्या वर्षीच्या सप्ताहाच्या पहिल्या दिवसाची गोष्ट. भिवंडीहून पूर्णा गावाच्या पुढे आलं की दोन्ही बाजूंना गोडाऊनच गोडाऊन. त्यातच आमचं गाव आहे, शोधावं लागतं. देवळाचं काम निघालं होतं, म्हणून सप्ताह शेठच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये बसवला होता. जमीन शेठची, गोडाऊन शेठचं, मंडळाचे अध्यक्ष शेठ. वर पत्रा, खाली सिमेंट, मधे देव. लोखंडी रॅक बाजूला सारून तिथं विठ्ठलाची तसबीर ठेवली होती. आणि दाराशी, जिथं ट्रक मागं घेतात तिथं, चपलांचा कोपरा. तिथं मी.

अकरा वर्षं मी गावाच्या सप्ताहात चपला सांभाळल्या. आमच्या आळीला गाव चांभारआळी म्हणतं, त्यामुळे सेवा वाटताना मंडळाला फार विचार करावा लागला नाही. मलाही लागला नाही. मी म्हणायचो, सेवा ती सेवा. लोकांना सांगायचो, संतांच्या पायांची धूळ रोज डोळ्यांपुढे असते, एवढं भाग्य कोणाचं? हे असलं बोलायला मी फार पटाईत. स्वतःला फसवायचं तर शब्द चांगले लागतात.

माझा थोरला भाऊ विहारात जातो. त्यानं देव कधीच सोडला. तो म्हणायचा, "ज्यांच्या घरात तुला पाणी मिळत नाही, त्यांच्या देवाला तू आंघोळ घालायला निघालास." आळीत मला 'भटजीबुवा' म्हणायचे. मी माळ घातली, मासे सोडले, तेव्हा खाडीकाठच्या माणसानं मासे सोडले म्हणून आळी आठवडाभर हसत होती. म्हणजे गावात मी चप्पलवाला आणि आळीत भटजी. दोन्हीकडून हाकललेला. पण नाम सुटेना. गोडाऊनमध्ये बारा तासांची शिफ्ट, हातात स्कॅनर, प्रत्येक खोक्याला तो बीप करतो. मी बीपच्या मधल्या जागेत नाम घ्यायचो. बाकीची पोरं कानात गाणी घालायची, मी हे. त्यात कोणाची मेहेरबानी नव्हती. ते माझं होतं.

आता वीणेचा नियम सांगतो, म्हणजे पुढचा घोळ कळेल. सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. सतत कोणाच्या तरी गळ्यात हवी, आणि आमच्या गावात तर विणेकऱ्यानं उभंच राहायचं. दोन-दोन तासांचा पहारा. पहारा संपला की नवा माणूस येतो, विणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतो. मग विणेकरी वीणा त्याच्या गळ्यात घालतो आणि उलट त्याच्या पाया पडतो. आधी वाकायचं ते घेणाऱ्यानं. न वाकता वीणा घेता येत नाही. तेवढ्या दोन तासांत तो माणूस कोण, कोणाचा, कुठल्या आळीचा, हे काही नाही. तो फक्त विणेकरी.

मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू? देव हवा होता हे खरंच. पण कोणीतरी माझ्या पायांवर डोकं ठेवावं, हेही हवं होतं. त्यात भक्ती किती आणि भूक किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

दरवर्षी मागायचो. "पुढच्या वर्षी बघू." "तुझी शिफ्ट असते." "तुझा आवाज बसका हाय." आवाज बसका आहे, कबूल. पण वीणेला गळा लागत नाही. गळ्यात अडकवायला मान लागते, ती होती.

आणि दुसऱ्या दिवशी, शिफ्टमध्ये असताना, मोबाईल वाजला.

"रामकृष्णहरी माउली. आपला वीणा पहारा उद्या दुपारी २ ते ४. दहा मिनिटं आधी यावे. पांढरा वेष."

मंडळाच्या नंबरवरून. नावासकट. आनंदात मी एकच खोकं तीनदा स्कॅन केलं. सिस्टीममध्ये एका मिक्सरचे तीन मिक्सर झाले. सुपरवायझरनं शिव्या घातल्या, मी त्याला वाकून नमस्कार केला. तो घाबरून गेला.

घरी बायकोला मेसेज दाखवला.

"नक्की तुम्हालाच आलाय?"

"नाव माझं आहे."

"ह्या नावाचे गावात दोन आहेत. शेठचा पुतण्या पण."

"पुढं माउली लिहिलंय बघ."

"माउली तर ते बैलालाही म्हणतात."

मी ऐकलं नाही. मेसेजचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. नवा लेंगा-सदरा आणला. लेंगा चार बोटं लांब होता, सेफ्टी पिना लावल्या. दुसऱ्या दिवशी जाताना उन्हाचा तडाखा होता म्हणून तीन ग्लास लिंबाचं सरबत प्यायलो. हे सरबत लक्षात ठेवा. मला तर विसरताच येत नाही.

तेव्हा वीणा तात्यांच्या गळ्यात होती. तात्या गावातले सर्वांत जुने टाळकरी, ऐंशीच्या पुढचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी जवळ गेलो, नाव सांगितलं. "ये बाबा, ये," म्हणाले. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. आणि मग तो म्हातारा, गुडघे धरत, कण्हत, खाली वाकला. त्याचं कपाळ माझ्या पायांना लागलं. गरम होतं.

मी रडलो. रडताना तार चुकीची छेडली. चालायचंच.

पंधरा मिनिटं मी कुठे होतो, मला माहीत नाही. एवढंच सांगतो की त्या पंधरा मिनिटांसाठी मी अकरा वर्षं परत चपला सांभाळल्या असत्या. इतका मी मूर्ख.

मग शेठचा पुतण्या आला, केस ओले, उशीर झालेला. मला बघितलं. "तू?" एवढंच बोलला आणि मोबाईल काढत बाहेर गेला. थोड्या वेळानं पहाऱ्याची यादी करणारे मास्तर आले. मला शाळेत मराठी शिकवायचे. त्यांनी आधी मला बघितलं, मग स्वतःच्या फोनकडे, मग परत मला. चारला पुढचा पहारा त्यांचाच होता. तोवर त्यांना काही सुचलं नाही, म्हणून मी उभा राहिलो.

चार वाजले. मास्तर समोर उभे. मी पाय जुळवले, त्यांना वाकायला सोपं जावं म्हणून. मास्तर घड्याळ बघत म्हणाले, "आलोच." आणि गेले. यादीतल्या पुढच्याला उभं केलं. तो पाच पावलांवर येऊन थांबला. "माझी कंबर धरलीय." तिसऱ्याचीही धरलेली. त्या दुपारी गावात एकाचीही कंबर धड नव्हती.

साडेचारला शेठ आले.

"कोनी दिली ह्याला?"

"चूक माझी, शेठ," मास्तर म्हणाले. "फोनमध्ये सगळ्यांच्या नावापुढे माउली लिहिलंय. दोन माउलींमध्ये घोळ झाला."

"दोन कशे? माउली एकच हाय."

मग माझ्याकडे वळून, अगदी गोडीत, "झालं ना? हौस फिटली ना? आता ती हितं खुर्चीवर ठेव आन जा. तुझी जागा रिकामी हाय तिकडं."

खुर्ची प्लास्टिकची होती, लाल. त्यावर पांढरं उपरणं घातलं होतं. बाजूला तांब्यात गोमूत्र.

मला कळलं. मी खुर्चीवर ठेवायची, त्यावर शिंपडायचं, मग कोणीतरी खुर्चीवरून उचलायची. म्हणजे घेणाऱ्याला खुर्चीपुढे वाकावं लागेल, माझ्यापुढे नाही.

"शेठ, ठेवली तर खंड पडेल. अखंड आहे ना सप्ताह?"

"खुर्ची जमिनीला टेकलीय. वीणा कुठं टेकते?"

"मास्तरांचा पहारा आहे. मास्तरांना घेऊ द्या."

मास्तर वर पत्र्याकडे बघत होते. शाळेत आम्ही उत्तर येत नसलं की असेच वर बघायचो, तेव्हा ते छडी मारायचे.

शेठ जवळ आले. आवाज खाली. "हे बघ. पुढच्या सालापासून तुझा पहारा पक्का. शब्द देतो. आता ठेव."

अकरा वर्षं जे मागितलं ते एका वाक्यात समोर आलं. मी मोहात पडलो नाही असं नाही. हात पट्ट्यापर्यंत गेलाही.

"पुढच्या सालाला माझ्याकडून घेणारा पाया पडेल?"

"तवाचं तवा बघू."

हात खाली आला.

आता माझी स्थिती सांगतो. सरबतानं आपलं काम केलं होतं. संडास गोडाऊनच्या टोकाला, पन्नास पावलांवर. वीणा घेऊन संडासात जाता येत नाही. वीणा ठेवून जाता येत नाही. वीणा घ्यायला कोणी येत नाही. दार उघडं, माणूस मोकळा, कोणी हातही धरलेला नाही. पण मी जागचा हलू शकत नव्हतो. मला ह्यांनी बांधलं नव्हतं. मला माझ्या भक्तीनं बांधलं होतं, आणि हे त्यांना बरोबर माहीत होतं. ते नुसते बसून राहिले. सतरंजीवर, भिंतीला टेकून, चहा घेत. वाट बघत.

पाच वाजले. पत्रा तापलेला. पोटऱ्यांत गोळे. मी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. नाम घेतोय की नुसतं ओठ हलवतोय ते कळेना. तसबिरीकडे बघितलं. तोही उभाच. पण त्याला सरबत कोणी पाजत नाही.

"मास्तर," मी म्हणालो, "मला जाऊन यायचंय. पाच मिनिटं. पाया पडू नका, नुसता हात लावा."

हे मी बोललो. माझ्या तोंडानं. पाया पडायची अट मीच सोडून दिली. आणि तरीही मास्तर पुढे आले नाहीत. शेठनं डोळ्यानं खुर्ची दाखवली.

पावणेसहाला मी उभ्या उभ्या मुतलो.

पांढरा नवा लेंगा. सेफ्टी पिनांपर्यंत. खाली सिमेंटवर ओघळ गेला आणि सतरंजीच्या कडेला थांबला. एका बाईनं तोंडाला पदर लावला. पुतण्या ओरडला, "मुतला!" पोरं हसली. शेठ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा. म्हनून आपन ह्यांना देत न्हाय. विटाळ केला."

पावणेदोन तास ज्याला जाऊ दिलं नाही, त्यानं विटाळ केला.

आणि एक सांगू? मला हलकं वाटलं. पोटाचं म्हणत नाही फक्त. आयुष्यभर मी ह्या लोकांपुढे वास येऊ नये म्हणून दोनदा आंघोळ करून गेलो. कपडे इस्त्रीचे. बोलणं मऊ. काही दिसू नये, काही कळू नये. आता सगळं दिसलं. गावासमोर, देवासमोर, उजेडात. आता माझ्याकडे लपवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे भ्यायलाही काही उरलं नव्हतं. मी तार छेडली. पहिल्यांदा बरोबर लागली.

मग त्यांनी जे केलं, ते मात्र मला सुचलं नसतं. मास्तर मोटरसायकलवर शेजारच्या गावाला गेले आणि दुसरी वीणा घेऊन आले. रेक्झिनच्या कव्हरमधून काढली आणि पुतण्याच्या गळ्यात अडकवली. कोणी कोणाच्या पाया पडलं नाही. माझ्याभोवती गोमूत्राचं गोल रिंगण मारलं, मधे मी. स्पीकर तिकडं फिरवला. टाळ सुरू झाले. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. शिवी नाही, हाकलणं नाही. मी त्यांच्यासाठी गोडाऊनचा एक खांब झालो.

नियम मोडायची ह्यांना भीती नव्हती. अखंड तुटलं तरी चालेल, खुर्ची चालेल, दुसरी वीणा चालेल. मला वाकणं तेवढं चालणार नव्हतं. अकरा वर्षं मला वाटायचं, हे लोक देवाला फार मानतात म्हणून मला लांब ठेवतात. उलटं होतं. देवाला ह्यांच्यापेक्षा मी जास्त मानत होतो.

मी रिंगणातून बाहेर पडलो. दाराकडे चाललो.

"वीणा मंडळाची हाय!" शेठ ओरडले. "चोरीची केस टाकीन!"

मी थांबलो. वळलो. "मंडळाचीच आहे. घ्या ना, शेठ. वाका आणि घ्या."

टाळ थांबले होते. पन्नासएक माणसं. मी मनात वीसपर्यंत मोजलं. कोणी वाकलं नाही.

मी बाहेर आलो. अनवाणीच. रस्त्याला कंटेनरची रांग, धूळ. गळ्यात वीणा, खाली ओला लेंगा, तोंडात नाम. एका ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "अरे भैया, दूल्हा आगे, बाराती कहाँ हैं?" म्हटलं, "पीछे रह गये." तो म्हणाला, "रुकना मत फिर."

घराच्या ओट्यावर भाऊ बसला होता. त्यानं वीणा बघितली, लेंगा बघितला. आता हा हसणार, मी तयारीत होतो.

"कोणी घेतली नाही?"

"नाही."

"अकरा वर्षं सांगतोय. ह्यांचा देव सोड."

"ह्यांचा नाही, दादा. ह्यांचा असता तर त्याला खुर्चीवर ठेव म्हणाले असते का?"

त्यानं वीणेकडे परत बघितलं. मग म्हणाला, "मी हात लावणार नाही. माझा विचार वेगळा आहे, तो तसाच राहील. पण दारात बसतो. कोण न्यायला येतं ते बघतो." आणि खरंच बसला.

बायको आतून आली. "आधी लेंगा बदला."

"वीणा खाली ठेवता येत नाही."

"माहीत आहे. द्या इकडे."

"घेणाऱ्यानं आधी..."

"नियम मला नका सांगू." ती वाकली. माझ्या त्या तसल्या पायांवर डोकं ठेवलं. मी वीणा तिच्या गळ्यात घातली. मग नियमाप्रमाणे मी वाकायचं होतं, आणि मी अडकलो. हो, मीच. कंबर चांगली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि तिच्या पायांकडे मी कधी बघितलंच नव्हतं. टाचांना भेगा, एका बोटाला तेलाचा जुना चटका, जोडवं झिजून तारेएवढं. अकरा वर्षं सप्ताहात ती मागच्या बाजूला भांडी घासत होती, आणि मी तिला म्हणायचो, सेवा ती सेवा. म्हणजे माझाही एक चपलांचा कोपरा होता, आणि तिथं मी तिला बसवली होती.

मी वाकलो. डोकं टेकवलं.

"रेंगाळू नका," ती वरून म्हणाली. "वास येतोय."

उरलेले चार दिवस वीणा आमच्या ओट्यावर उभी राहिली. मी, बायको, आळीतल्या बायका. त्यांतल्या एकीनं विचारलं, "मासं खाऊन चालंल का?" मी म्हणालो, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. प्रत्येक वेळी घेणारी वाकली, देणारी वाकली. सातव्या दिवशी काला केला आणि वीणा खुंटीला लावली. कामावर चार दिवस गैरहजर म्हणून सुपरवायझरनं माझं नाव कापलं. आता मी दुसऱ्या गोडाऊनला आहे. तिथं मिक्सर नाहीत, बूट-चपला आहेत. हसा. मीही हसतो. पण आता कोणाबरोबर हसायचं, ते मी ठरवतो.

आठ दिवसांनी यंदाचा सप्ताह बसतोय. परवा मास्तर येऊन गेले. ओट्यावर चढले नाहीत, खालूनच बोलले.

"वीणा परत कर. शेठ पोलिसांत जायचं म्हणतात. कोणाजवळ तरी पाठवून दे. रिक्षात ठेवून दे, आम्ही उतरवून घेऊ."

"रिक्षा वाकेल का, मास्तर?"

"हट्ट सोड. देवाच्या कामात मीपणा नसावा."

"मीपणा नाही. नियम आहे. तुम्हीच शिकवलाय."

ते गेले. बायकोनं विचारलं, काय ठरवलंत? ठरवलंय ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच फिरता येणार नाही.

पहिल्या दिवशी वीणा गळ्यात घालून मी मंडपाच्या दारात उभा राहणार. चपलांच्या बाजूला नाही, बरोबर मधे. माझ्यानंतर बायको, तिच्यानंतर आळी. खुर्चीवर ठेवणार नाही. रिक्षानं पाठवणार नाही. पुढच्या सालाचा शब्द घेणार नाही. नाम सोडणार नाही आणि दारही सोडणार नाही. पोलीस आले तर त्यांनाही हेच सांगेन, माल मंडळाचा आहे, ज्याला हवा त्यानं वाकावं आणि न्यावा. मला कोणाचं कपाळ आता नको आहे. म्हाताऱ्या तात्यांनी ठेवलं, माझ्या बायकोनं ठेवलं, मला तेवढं पुष्कळ आहे. पण पाया पडू नका, नुसता हात लावा, हे मी एकदा बोललोय. ते परत बोलणार नाही.